वाघावर कोण बसलंय?

नाणेमावशींच्या घरी चहा मिळायचा, पण आधी परीक्षा द्यावी लागायची. पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्या एप्रनच्या खिशातून एक चिनी नाणं काढत, त्याच्या तळहातावर ठेवत आणि चष्म्याच्या वरून बघत विचारत, "सांग, हे काय?" पाहुणा बिचारा नाणं उलटसुलट करी. मध्ये चौकोनी भोक, एका बाजूला हरीण, दुसऱ्या बाजूला मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं. तो चाचरत काहीतरी बोले. मावशी म्हणत, "चूक." मग स्वतः अर्थ सांगत आणि त्यानंतरच किटली गॅसवर चढे. पुढच्या खेपेला त्याच पाहुण्याने हुशारी करून तोच अर्थ पाठ म्हणून दाखवला, तरी पुन्हा "चूक". मधल्या दिवसांत अर्थ बदललेला असे.

मावशींची आणि आमची ओळख वेल्समधल्या कार्डिफच्या मार्केटमध्ये झाली, मासळीच्या गाळ्यासमोर. साठचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही दोघंही इस्पितळात नवीन होतो. वसंत हाडांचा डॉक्टर, मी भूल देणारी. हॅडॉक घ्यायचा की कॉड, यावरून आमची शुद्ध पुणेरी मराठीत जुंपली होती. कार्डिफमध्ये मराठी भांडण कोणाला कळणार, म्हणून आवाजही चढे लावलेले. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "अगो, भांडताय कशाला? बांगडा घ्या. त्या हॅडॉकला काय चव आहे?" वळून पाहिलं तर हॅट, ओव्हरकोट आणि हातात जाळीची पिशवी घेतलेली एक गोरटेली बाई. मी तिला मघापासून वेल्श समजत होते. "मी मिसेस पेणकर," ती म्हणाली. "अलिबागकडची. चला घरी, तुम्हाला बांगडा साफ करता यायचा नाही."

मावशी ज्यू होत्या, कोकणातल्या बेने इस्राएल. त्यांचे यजमान आगबोटीवर इंजिनियर होते. चीनच्या बंदरांकडे त्यांच्या पुष्कळ खेपा झाल्या आणि दर खेपेला ते बायकोसाठी एक नाणं आणत. दुसऱ्यांचे नवरे रेशीम आणत, चहाचे सेट आणत. "आमच्या पेणकरांनी भोकं आणली," मावशी सांगत. पण त्या भोकांवर त्यांचा जीव होता. दिसायला नाणी असली तरी ती बाजारात कधी चाललेली नव्हती. ते ताईत होते. त्यांच्यावर ताओ पंथातले देव, सिद्धपुरुष, पशुपक्षी कोरलेले असत आणि लोक ते गळ्यात, कमरेला नाहीतर दारावर बांधत. पेणकरसाहेब आम्ही यायच्या आधीच वारले. कार्डिफच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. मावशींचा एकुलता मुलगा रूबेन इस्रायलला जाऊन राहिला होता आणि आईलाही तिकडे बोलवत होता. मावशी म्हणत, "पेणकर इथल्या मातीत आहेत. मला हलवायचं तर या घरासकट हलवा."

आता माझं सांगायचं तर मला गंडेदोरे या प्रकाराची पहिल्यापासून चीड. माझ्या आईने निघताना माझ्या बॅगेत घातलेला अंगारा मी विमानतळावरच काढून टाकला होता. तेव्हा पहिल्याच दिवशी मी मावशींना स्पष्ट विचारलं, "तुमचा या सगळ्यावर विश्वास आहे?" त्या म्हणाल्या, "माझा कशाला असेल? मी शनिवार पाळणारी बाई." मला हायसं वाटलं. तोवर त्या पुढे म्हणाल्या, "पण ज्याने हे ओतलं त्याचा होता ना? तेवढा पुरतो."

हरणाच्या नाण्याचीच गोष्ट घ्या. चिनी भाषेत हरीण आणि सरकारी पगार हे शब्द सारखेच ऐकू येतात म्हणे, म्हणून हरीण म्हणजे नोकरीत बढती. वसंतची वरच्या जागेसाठी मुलाखत ठरली तेव्हा मावशींनी ते नाणं त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात स्वतः शिवलं. जागा दुसऱ्याला मिळाली. मावशींनी शिवण उसवून नाणं बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाल्या, "हत् तिच्या! हे कासवाचं दिलं मी तुम्हाला." कासव म्हणजे दीर्घायुष्य. "पगार नाही वाढला, आयुष्य वाढलं. तक्रार कसली करता डॉक्टर?" त्या दिवशी वसंत हसला, मी मात्र चिडले होते. घरी येऊन मी त्याला म्हटलं, ही बाई आपल्याला खेळवते. तो म्हणाला, मग खेळू की.

आणखी एका नाण्यावर आठ बाजूंना तीन-तीन रेघा होत्या, काही अखंड, काही मधोमध तुटलेल्या. ताओ लोक म्हणे त्या आठ खुणांत आकाश, पृथ्वी, वारा, पाणी असं सगळं जग बसवतात. मावशींनी हवामान खातं त्या नाण्याकडे सोपवलं होतं. सकाळी ते खिडकीत धरून त्या रेघा वाचत. "तुटकी रेघ म्हणजे पाऊस," त्यांनी मला शिकवलं. "आणि अखंड?" "जास्त पाऊस." कार्डिफमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा, अंदाज कधी चुकला नाही.

अक्षरांनी भरलेलं एक नाणं होतं, त्याला त्या 'नोटीस' म्हणत. पेणकरसाहेबांना एका चिनी खलाशाने त्याचा अर्थ सांगितला होता. वीजदेवतेला त्यात आज्ञा आहे की भुताखेतांना हाणून काढ, आणि शेवटी ताओंच्या सर्वांत थोर म्हाताऱ्याचं नाव घेऊन लिहिलंय, 'कायद्याच्या हुकुमाप्रमाणे ताबडतोब करावे.' भूत घालवायलासुद्धा सरकारी भाषा लागते, याचं मावशींना फार कौतुक. छत गळायला लागलं की त्या ते नाणं मुठीत धरून कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन बसत. काउंटरवरच्या पोराने "वुई विल लुक इन्टू इट, मिसेस पेंकर," असं म्हटलं की त्या मूठ टेबलावर आपटून मराठीत म्हणत, "ताबडतोब!" माणूस यायचा. नाण्यामुळे यायचा की मावशींमुळे, हे मला सांगता येणार नाही.

रूबेनच्या लहानपणचं एक कुलूपही होतं, चपटं, चांदीच्या पत्र्याचं. चीनमध्ये तान्ह्या मुलाच्या गळ्यात असं कुलूप घालतात, म्हणजे मूल जगाला जखडून राहतं. त्याला किल्ली नसते. रूबेन सारखा आजारी पडे, म्हणून मावशींनी ते त्याला पुष्कळ वर्षं घातलं होतं. "आणि तरी गेला की इस्रायलला," मी एकदा खवचटपणे म्हणाले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "कुलूप जगाला लावलं होतं गो, कार्डिफला नव्हतं लावलं."

पण खरं भांडण व्हायचं ते वाघाच्या नाण्यावरून. मावशींच्या दाराच्या चौकटीला बाहेरून मेझुझा होती, म्हणजे देवाचं वचन आत ठेवलेली त्यांच्या धर्मातली छोटी डबी. आणि आतल्या बाजूने खिळ्याला हे नाणं टांगलेलं. त्यावर एक दाढीवाला म्हातारा वाघावर बसलेला होता, हातात तलवार, आणि वाघाच्या पायाशी साप, विंचू, गोम, कोळी, बेडूक. वसंतने ते पहिल्यांदा बघितलं आणि ओरडलाच, "अहो मावशी, हा तर आपला योगी! वाघावर बसून भेटीला निघालेला. आता समोरून भिंत यायला पाहिजे." मावशी म्हणाल्या, "चूक. हा एलियाहू हन्नाबी."

बेने इस्राएल लोकांत एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलियाहू पैगंबर, फार मोठा. अलिबागजवळच्या खंडाळ्याहून तो रथासकट आकाशात गेला आणि त्याच्या घोड्यांची खूण खडकावर अजून आहे, असं ते मानतात. नवस फेडायचा तर त्याच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतात. कार्डिफला पोहे कुठले? मावशी पुडिंगसाठी मिळणारा फ्लेक्ड राइस आणून त्याचा मलिदा करत आणि पैगंबराने तो चालवून घेतला असावा, कारण आम्ही तरी ताट पुसून खात होतो.

"मावशी, तुमचा पैगंबर रथातून गेला ना? मग वाघ कुठून आला?" वसंत विचारी.

"एवढ्याशा नाण्यावर रथ मावेल का? वाघ मावला."

"आणि आमच्या योग्याच्या हातात सापाचा चाबूक असतो. इथे साप आहे, बघा."

"साप तर खाली आहे!"

"पडला असेल हातातून."

"योग्याच्या हातून? मग योगी कसला तो?" मावशी म्हणत. "माझं ऐक. म्हातारा आहे, दाढी आहे, अडचणीला धावून येतो. दुसरा कोण असणार?"

अशाने काही निकाल लागेना म्हणून एकदा आम्ही तिघं ते नाणं घेऊन लाँड्रीवाल्या मिस्टर लींकडे गेलो. ते हाँगकाँगकडचे, आमच्या चादरी त्यांच्याकडेच जात. नाणं बघून ते लाजले. म्हणाले की ते आता वेल्श चॅपलला जातात आणि असल्या गोष्टी पाळत नाहीत. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले की त्यांची आई उन्हाळ्याच्या तोंडाशी असंच एक चित्र दारावर लावी, विषारी प्राणी घरात येऊ नयेत म्हणून. वाघावरचा कोणीतरी स्वर्गातला गुरुजी असतो. नाव? नाव ते विसरले होते. त्यांचा मेहुणा म्हणतो की तो गुरुजी नव्हे, भुतांचा शिपाई. आम्ही गेलो त्यापेक्षा जास्त गोंधळून परत आलो. वसंतने मग लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात म्हटलं होतं की हा ताओ पंथाचा पहिला स्वर्गीय गुरू, वाघावर बसतो, पाच विषांना हाकलतो. वसंतने तो परिच्छेद मावशींना वाचून दाखवला. मावशींनी तो लक्ष देऊन ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पुस्तक चूक."

अशी बरीच वर्षं गेली. आमचा मुलगा झाला, त्याच्या बारशाला मावशींनी माशाचं नाणं दिलं आणि त्याचे तीन निरनिराळे अर्थ तीन पाहुण्यांना सांगितले. सत्तरचं दशक उजाडलं, मार्केटमधला मासळीवाला म्हातारा होऊन त्याचा मुलगा गाळ्यावर उभा राहू लागला. मावशींची परीक्षा चालूच होती. आणि इथेच माझा खरा गोंधळ झाला. एक दिवस मावशींनी मला हरणाचं नाणं दिलं, विचारलं, चूक म्हणाल्या, अर्थ सांगितला. चहा ठेवायला उठल्या आणि परत येऊन तेच नाणं पुन्हा माझ्या हातावर ठेवलं. "सांग, हे काय?" मला वाटलं, नवा खेळ. मी हसून काहीतरी उत्तर दिलं. त्या दिवशी चहा झालाच नाही.

मी डॉक्टर. माणसाची शुद्ध कधी हरपते आणि कधी परत येते, हे बघण्याचाच मी पगार घेत होते. पण जिचं उत्तर रोजच बदलतं तिचं उत्तर चुकायला लागलं हे ओळखायचं कसं? त्या नावं विसरल्या, तर त्या नेहमीच विसरत. खिडकीतून पाऊस बघत असताना "आज ऊन आहे" म्हणाल्या, तर मी म्हटलं, नाण्याने नवी गंमत सुचवली असेल. त्यांच्या शेजारच्या मिसेस ग्रिफिथ्सने एका सकाळी मला फोन केला. मावशी घरातल्या सपातांवर डॉक्सकडे गेल्या होत्या आणि रिकाम्या धक्क्यावर उभ्या होत्या. तिथल्या माणसाला त्यांनी सांगितलं की मिस्टर पेणकरांची बोट लागायची आहे. मी त्यांना घ्यायला गेले. वाटेत त्या माझ्या दंडाला धरून चालत होत्या. म्हणाल्या, "आज नाही आली बोट. तुला कंटाळा तर नाही ना आला, सिस्टर?" तेव्हा मला कळलं, आणि मी रस्त्यातच रडले.

रूबेन आला. सज्जन माणूस, आईसारखाच गोरा, केस पांढरे व्हायला लागलेले. त्याने घर बघितलं, करपलेली भांडी बघितली, गॅसची बटणं बघितली. माझ्यासमोर बसून म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही सांगा. इथे ठेवू कशी? तिकडे आमच्या गल्लीत म्हाताऱ्या मराठी बोलतात. तिला कळेल तरी." मी त्याला दोष देऊ शकत नव्हते. पण मला मावशींचं ते वाक्य आठवत होतं, मला हलवायचं तर घरासकट हलवा. ज्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरातून परत खोलीत यायची वाट सापडत नाही, तिला विमानात बसवून समुद्रापलीकडे न्यायचं, आणि तिला कळणारसुद्धा नाही की आपलं घर सुटलं. मला कशाचं जास्त वाईट वाटत होतं ते ठरेना. तिला कळणार नाही याचं, की कळलं तर काय याचं.

त्या निघाल्या त्या दिवशी मी सकाळीच गेले. वसंत रूबेनबरोबर बॅगा टॅक्सीत ठेवत होता. रूबेनने सगळी नाणी एका मोज्यात भरून बॅगेत टाकली होती. मावशी कोट-हॅट घालून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, शहाण्या मुलीसारख्या. मला बघून म्हणाल्या, "ये, सिस्टर." मी शेजारी बसले. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. त्यांनी मूठ उघडली आणि माझ्या तळहातावर वाघाचं नाणं ठेवलं. मी दाराकडे बघितलं, खिळा रिकामा होता. खुर्चीवर चढून त्यांनी ते केव्हा काढलं, कोणालाच माहीत नव्हतं.

"सांग," त्या म्हणाल्या, "वाघावर कोण बसलंय?"

आम्ही या प्रश्नावर त्यांच्याशी वर्षानुवर्षं वाद घातला होता. त्या दिवशी मात्र माझ्यात वाद नव्हता. त्यांना आवडेल ते, धीर येईल ते बोलावं, एवढंच मनात होतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मावशी, हा एलियाहू हन्नाबी. प्रवासात तुमच्या सोबत असणार आहे."

मावशींनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. अगदी पूर्वीसारखं.

"चूक," त्या म्हणाल्या. "एलियाहू हन्नाबी वाघावर कशाला बसेल? तो रथातून गेला, आमच्या खंडाळ्याहून. हा चिन्यांचा गुरुजी. साप-विंचू घरात येऊ नयेत म्हणून दारावर लावायचा असतो. डॉक्टरांनी पुस्तकातून वाचून दाखवलं होतं, तू नव्हतीस का?"

त्यांनी नाणं माझ्या हातातच राहू दिलं आणि माझी बोटं मिटवली.

"तुझ्या दारावर लाव, शालन," त्या म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली होती. "मला आता दार कुठंय?"

मग रूबेन आला, त्यांना उठवून टॅक्सीकडे घेऊन गेला. टॅक्सीत बसताना त्या ड्रायव्हरला विचारत होत्या की बोट वेळेवर आहे ना.

पुढच्या हिवाळ्यात त्या तिकडेच वारल्या. रूबेनने फोन करून सांगितलं. त्यांना काय कळत होतं आणि काय नव्हतं, त्या सगळी वर्षं मुद्दाम चुकत होत्या की त्या एका सकाळी चुकून बरोबर बोलल्या, याचा मी अजून विचार करते आणि दर वेळी निराळ्या उत्तराशी येऊन थांबते. वसंत म्हणतो, तुझीच परीक्षा अजून चालू आहे.

नाणं आमच्या दारावर आहे. गंडेदोरे न मानणाऱ्या बाईच्या दारावर हे काय, असं लोकांना वाटतं. नवा पाहुणा आला की त्याची नजर तिकडे जातेच, आणि तो विचारायच्या आधी मीच विचारते, "सांगा, वाघावर कोण बसलंय?" कोणी योगी म्हणतं, कोणी देवी म्हणतं, परवा एका मुलाने सर्कसवाला म्हटलं. मी ऐकून घेते, म्हणते, "चूक," आणि चहा टाकायला उठते.